मिल्तोसच्या डोळ्यातलं पाणी

“यंदा जाऊ नगा तुमी,” लाम्ब्रिनी म्हणाली आणि कुदळ अशी हाणली की चांगल्या टपोऱ्या बटाट्याचे दोन तुकडे झाले.

झिसिसनं ते तुकडे उचलले, माती झटकली आणि टोपलीत टाकले. ऑगस्टचा पहिला आठवडा होता आणि जूनपासून आभाळातून थेंब पडला नव्हता. उतारावरचं ते वावर निम्मं मातीचं आणि निम्मं दगडांचं. कुदळ घालावी तिथं खण्ण वाजायचं. वावर काही त्यांचं नव्हतं. वरच्या गावातला एक जण जर्मनीला कारखान्यात गेला होता, त्याचं पडीक रान ही दोघं अर्धलीनं करत होती. खालच्या वस्तीतल्या आम्हा वाजंत्र्यांना स्वतःची जमीन कधी नव्हतीच. वरचे लोक आम्हाला जिप्सी म्हणतात, लग्नाला-जत्रेला मानानं बोलावतात, आणि जत्रा संपली की खालची वाट दाखवतात. एपिरसच्या डोंगरात हे असंच चालत आलंय. त्याचं नवल आता कुणाला वाटत नाही.

“वरीस झालं न्हाई पोराला,” लाम्ब्रिनी पुन्हा बोलली. “घरातलं माणूस गेलं तर वरीसभर वाद्याला हात लावू नये, ह्ये समद्यास्नी तुमीच सांगत आलाय. आन् आता सोता निगालाय.”

वाजंत्र्यानं वर्षभर वाद्य बांधून ठेवलं तर त्यानं काय दगड खायचे, हे तिलाही कळत होतं. नवरा पंधरा तारखेच्या जत्रेला जाणार हेही तिला ठाऊक होतं. एकेचाळीस वर्षं गेला तसा यंदाही जाणार. पण त्याच्या डाव्या हाताला डफ घेऊन त्यांचा पोरगा तोलिस नसणार, हे तिला सोसवत नव्हतं. जानेवारीपासून बाई रोज रडत होती. चूल पेटवताना रडायची, पाणी भरताना रडायची, आणि रडता रडता कामही उरकायची. झिसिस मात्र तोंड मिटून हिंडायचा.

“वाजवाय जात न्हाई म्या नुसता,” तो शेवटी म्हणाला. “नाव घ्यायला लावतो. तोलिसचं नाव वाचलं पायजे चिनाराखाली.”

लाम्ब्रिनीनं कुदळ टेकवली. “आपल्या माणसाचं नाव कदी वाचलंय त्यांनी?”

“न्हाई.”

“मग?”

“मग आता वाचत्याल,” झिसिस म्हणाला आणि पुढच्या सरीला बसला.

हे नाव वाचण्याचं प्रकरण सांगायला पाहिजे. मरियम मातेच्या जत्रेला वरच्या गावात सगळे परत येतात. थंडीत तिथं पंधरा-सोळा म्हातारी माणसं आणि तीनेकशे मेंढरं एवढंच असतं, पण त्या दिवशी जर्मनीच्या गाड्या, अथेन्सच्या गाड्या, कुठून कुठून धूळ उडवत येतात. सकाळी चर्च होतं. दुपारी चौकातल्या चिनाराखाली टेबलं मांडतात. मटण उकडत असतं, त्याचा वास सुटलेला असतो, पण कुणी घासाला हात लावत नाही. आधी सरपंच उभा राहतो आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं कागदावरून वाचतो. मग क्लॅरिनेटवाला उठतो आणि मिरोलोय वाजवतो. मिरोलोय म्हणजे मेलेल्यांसाठीचा विलाप. त्याला शब्द नसतात. तो वाजतो तोवर कुणी बोलत नाही, कुणी नाचत नाही. सगळं गाव बसून रडतं. मनसोक्त रडून झालं की जेवण, आणि जेवण झालं की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत नाच. रडल्याशिवाय नाचायला पाय उचलत नाही, असं वरचे लोक म्हणतात, आणि ते खरंच आहे.

झिसिसचा बाप हे वाजवायचा, त्याचा आजा वाजवायचा. नव्वदीचा म्हातारा असो की कुणाची तीन दिवसांची पोर, ज्याचं नाव वाचलं जाईल त्याच्यासाठी आमची माणसं वाजवत आली. आमच्यातलं कुणी मेलं तर त्याला आम्ही खाली वस्तीत पुरायचं, आणि त्याचं नाव वर कुणी वाचायचं नाही. कुणाला ते खटकलंही नव्हतं. खरं सांगायचं तर झिसिसलाही नाही. स्वतःचा पोरगा जाईपर्यंत नाही.

आणि तोलिस गेला तो वरच्या गावाच्याच कामावर. सरपंच मिल्तोसचं ओकाचं एक जुनं झाड होतं गावाच्या माथ्यावर. जानेवारीत मिल्तोसला जळण कमी पडलं, म्हणून त्यानं तोलिसला रोजावर बोलावलं. गुडघाभर बर्फ होतं. झाड अर्धं तोडून झालं आणि बुंध्यातच पिळवटलं, पडायचं तिकडं न पडता उलट्या अंगाला आलं. अडतीस वर्षांचा गडी. लग्न ठरत होतं आणि मोडत होतं, या सालीही ठरत आलं होतं. बर्फातून त्याला फळीवर घालून खाली आणला तेव्हा त्याच्या अंगावर ओरखडा दिसत नव्हता.

मिल्तोस माणूस वाईट म्हणता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं त्या ओकाचं निम्मं जळण झिसिसच्या दारात आणून टाकलं. लाम्ब्रिनी म्हणाली, ह्या लाकडाला मी हात लावायची नाही, गारठून मेले तरी चालेल. फेब्रुवारीत पुन्हा बर्फ पडलं, तीन दिवस दार उघडेना, तेव्हा तिनंच ते लाकूड चुलीत घातलं. ओकाचं लाकूड, जळायला चांगलं होतं. रात्रभर टिकायचं.

बटाटे काढून झाल्यावर झिसिस वर गेला. आधी तो पाद्र्याकडं गेला. पाद्री ग्रिगोरिसनं त्याला पाणी दिलं, बसायला दिलं, तोलिसच्या आत्म्याला शांती चिंतली आणि सांगितलं की माझं काम चर्चच्या आत, चिनाराखालचं मिल्तोस बघतो. मिल्तोस चौकातच होता. जत्रा जवळ आली की चिनाराचा बुंधा चुन्यानं रंगवतात, ते काम तो स्वतः करतो, दुसऱ्याचा हात त्याला पटत नाही. हातात कुंचला, मिशीवर चुन्याचे थेंब.

“ये झिसिस,” तो म्हणाला. “डफाला कुनाला आणतूयास यंदा? डफाबिगर पोरास्नी नाचता येत न्हाई.”

झिसिसनं टोपी काढली. गडी अडुसष्ट वर्षांचा, मिल्तोसपेक्षा आठ वर्षांनी मोठा, पण वरच्या गावात टोपी हातात धरूनच बोलायचा. “त्येच बोलाय आलो सरपंच. तुमच्या कागदावर तोलिसचं नाव घाला.”

मिल्तोसला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं कुंचला बादलीत ठेवला. त्याला राग आला नव्हता. राग आला असता तर झिसिसला बरं वाटलं असतं. मिल्तोस समजावण्याच्या सुरात बोलायला लागला. कागदावरची नावं चर्चच्या वहीतून घ्यायची असतात. वहीत या गावात बाप्तिस्मा झालेल्यांची नावं असतात. तोलिसचा बाप्तिस्मा कुठं झाला? खालच्या ओढ्याकाठच्या लहान चर्चमध्ये. मग त्याचं नाव या वहीत येणार कसं? आणि एक घातलं तर उद्या गवंड्याचं घाला, मेंढपाळाचं घाला, अल्बेनियाहून येणाऱ्या मजुराचं घाला. लोक वर्षाकाठी एकदा येतात ते आपल्या माणसांसाठी रडायला येतात.

“वीस वरसं हितंच बसून डफ वाजिवलाय त्यानं,” झिसिस म्हणाला. “ह्या खुर्चीवर. तुमच्या पोरीच्या लग्नात त्येच्या बोटातनं रगत आलं हुतं.”

“वाजिवला की. न्हाई कोन म्हनतंय?”

“आन् गेला त्यो तुमच्या झाडाखाली.”

मिल्तोसनं बादलीतला कुंचला ढवळला. बुंध्यावरचा चुना वाळत होता. मग तो म्हणाला, “जळण धाडलं हुतं न्हवं म्या.”

जळण धाडलं होतं, ते खरंच होतं. झिसिसनं टोपी घातली आणि डफाला कुणी मिळत नाही एवढं सांगून तो खाली आला.

घरी आला तो वेगळाच माणूस होऊन आला. लाम्ब्रिनीनं विचारलं, काय म्हणाले, तर म्हणाला, न्हाई म्हणाले. तिनं विचारलं, मग आता जाणार का, तर म्हणाला, आता तर जाणारच. नाव नाही घेतलं तर नाही घेतलं. वाजवणारं तोंड माझं आहे. मी तोलिससाठी वाजवणार, आणि मिल्तोसच्या डोळ्यातनं पाणी काढणार. ज्याच्या झाडाखाली पोरगं गेलं त्यानं पोरासाठी एक थेंब गाळला पाहिजे.

“आन् रडला तर काय हुनार हाय? तोलिस उटून येनार हाय?”

“न्हाई यायचा. पर कुनीतरी रडल न्हवं त्येच्यासाटी. आपन दोगं सोडून.”

लाम्ब्रिनीला ते पटलं की नाही कोण जाणे. तिनं फडताळातून क्लॅरिनेट काढलं, गुंडाळलेलं काळं फडकं सोडलं आणि ते त्याच्यापुढं ठेवलं.

मिल्तोसला रडवणं म्हणजे मात्र खायचं काम नव्हतं. रडवायची एक रीत असते. झिसिसच्या बापानं त्याला ती शिकवली होती, मार देऊन शिकवली होती. शंभर माणसांसाठी वाजवशील तर एकही रडणार नाही, बाप म्हणायचा. एक तोंड निवड. आधीच डोळ्याला पदर लावून बसलेल्या बायका सोडून दे, त्या तशाही रडणार. ज्यानं दात आवळून धरलेत असा गडी बघ. त्याचा श्वास बघ. त्याचा श्वास खाली गेला की तुझा सूर खाली ने, त्याचा अडकला की तूही तिथंच थांब, त्याला वाट बघायला लाव. मग तो सोडेल. एक सुटला की सगळा चौक सुटतो. झिसिसनं चाळीस वर्षं हेच केलं. लोकांना वाटायचं तो बोटांकडं बघून वाजवतो. तो सगळा वेळ कुणाच्या तरी तोंडाकडं बघत असायचा.

पण मिल्तोसचं तोंड त्यानं कधी निवडलं नव्हतं. पुढच्या टेबलाला हातात मण्यांची माळ फिरवत बसायचा तो, आणि सगळं गाव मुसमुसत असताना मटण शिजलं का ते मान वळवून बघायचा. या वसंतात त्याचा बाप पेरिक्लिस चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन गेला, तेव्हा शवपेटीवर खिळे नीट बसले की नाहीत हे यानं स्वतः दाबून पाहिलं होतं. पाण्याचा टिपूस नाही. अशा माणसाला फोडायचं.

पंधरा तारखेला सकाळी झिसिस आणि त्याचा चुलतभाऊ फोतिस चौकात पोचले. फोतिस व्हायोलिन वाजवतो. डाव्या बाजूची खुर्ची कुणी मांडलीच नव्हती, तेवढं एक बरं केलं होतं. ऊन असं होतं की चिनाराची पानं माना टाकून होती. चर्च सुटायचं होतं, तेवढ्यात ताकिस नावाचा एक जण टेपरेकॉर्डर घेऊन आला. याचं सगळं आयुष्य जर्मनीत गाड्यांचे दरवाजे बसवण्यात गेलेलं. त्यानं झिसिसला त्सिपुरो या गावठी दारूचा पेला दिला आणि आपली तक्रार सांगितली. गेल्या साली त्यानं सगळा मिरोलोय टेप करून नेला होता. ख्रिसमसला घरात एकटाच होता, बायको माहेरी गेलेली, तेव्हा दारं लावून, पेला भरून टेप लावली. दोनदा लावली. एकेक सूर जसाच्या तसा आलेला.

“सगळं आलं बघ झिसिस त्यात,” ताकिस म्हणाला. “पक्षी आले, कुत्रं भुकलेलं आलं. रडू तेवडं आलं न्हाई. म्या आपला कोरडाच बसलो. मशीन बिगडलं का काय म्हनून दुरुस्तीला बी टाकलं.”

फोतिसला हसू आलं. झिसिस म्हणाला, मशीन चांगलं असणार, पण मशीन तुमच्याकडं बघतंय कुठं. तुम्ही कोरडे बसलात हे त्याला काय ठाऊक. मला ठाऊक होतं ना इथं. ताकिसनं मान हलवली, पण त्याला ते कळलं असं वाटलं नाही. मग त्याला एकदम आठवलं आणि तो जरा ओशाळून म्हणाला की तोलिसचा डफ आहे त्या टेपवर, मध्ये एकदा त्याचं खोकणंसुद्धा आलंय, ऐकायचं असेल तर आत्ता लावतो.

झिसिसचा हात पेल्यावर तसाच राहिला. ऐकावं असं त्याला फार वाटलं. “नगं,” तो म्हणाला. “म्या हाक मारली तर त्यो वळनार हाय का त्येच्यातनं? नगं.”

दुपारी सगळे बसले. मिल्तोस उठला, खिशातून कागद काढला, चष्मा लावला. यंदा दोनच नावं होती. पेरिक्लिस, त्याचाच बाप. आणि कालिओपी, जी स्टुटगार्टला गेली आणि तिथंच पुरली गेली, तिची म्हातारी बहीण आग्लाया पुढच्या बाकावर बसली होती. दोन नावं वाचून मिल्तोसनं कागदाची घडी घातली. घडी घालताना त्यानं झिसिसकडं बघितलं नाही. झिसिस मात्र बघत होता. शेवटच्या क्षणाला तिसरं नाव येईल, माणूस आहे, येईल, असं त्याला त्या घडीपर्यंत वाटत होतं.

तो उठला. फोतिसनं खालचा एक सूर धरला आणि धरूनच ठेवला.

झिसिसनं मिल्तोसच्या तोंडाकडं बघितलं आणि वाजवायला सुरुवात केली. पहिला सूर इतका बारीक की मागच्या टेबलांना तो ऐकूही गेला नाही. मग तो वाढला, वरून घसरत खाली आला आणि खालीच बसला, जसं दमलेलं माणूस उंबऱ्यावर बसतं. आग्लाया लगेच रडायला लागली. तिच्या मागच्या दोघी रडायला लागल्या. झिसिसनं त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही. तो तोलिसचं वाजवत होता. लहानपणी दात पडला तो त्यानं कौलावर फेकला ते वाजवलं. डफ शिकताना आठ दिवस जेवायच्या ताटावर बोटं बडवायचा ते वाजवलं. जानेवारीत निघाला तेव्हा, बाबा, संध्याकाळी लवकर येतो, आज बर्फ लई हाय, म्हणाला होता ते वाजवलं, आणि त्या सुरावर त्याचं स्वतःचंच तोंड थरथरलं. अडुसष्ट वर्षांच्या ओठांत ताकद किती असणार. सूर फाटला. फाटलेला सूर त्यानं तसाच पुढं नेला.

समोर मिल्तोसची माळ फिरत होती. झिसिस त्याच्या छातीकडं बघत होता. श्वास खाली गेला की खाली, वर आला की वर. बघ, तो मनात म्हणत होता, बघ माझ्याकडं, ते झाड आठव, त्या झाडाखाली काय होतं ते आठव. त्यानं कुऱ्हाड वाजवली. कशी वाजवली ते फोतिसलाही सांगता येत नाही, पण तुटक तुटक खालचे सूर आले, आणि मग एक जागा अशी आली की काहीच वाजेना. झिसिस थांबला. चौकात चिटपाखरू हलेना. मिल्तोसची माळ थांबली होती. त्याचा श्वास वर आला होता आणि वरच अडकला होता, आणि झिसिस त्याच्याबरोबर तिथं थांबून राहिला. मग त्यानं ते झाड पाडलं.

मिल्तोसचा खालचा ओठ बाहेर आला. आधी त्यानं मिशी पुसल्यासारखं केलं. मग चष्मा काढला. मग दोन्ही कोपरं टेबलावर टेकून, तळव्यांत तोंड घालून, तो गडी ओक्साबोक्शी रडायला लागला. सगळं गाव बघत राहिलं. सरपंचाला रडताना बघून मागचे पुरुष रडले, जर्मनीचे रडले, ताकिस टेप चालू करायचं विसरून रडला. असा मिरोलोय पन्नास वर्षांत झाला नाही असं अजून म्हणतात. जिंकलो असं काही वाटलं नाही झिसिसला. एवढंच वाटलं की तोलिस आता एकटा नाही. त्यानं शेवटचा सूर हळूहळू कमी करत नेला आणि क्लॅरिनेट खाली केलं.

आमच्याकडं ज्याचं काळीज हललं तो उठून जातो आणि वाजवणाऱ्याच्या कपाळाला नोट चिकटवतो. मिल्तोस उठला. टेबलांचा आधार घेत आला. नोट थुंकीनं ओली करून त्यानं झिसिसच्या कपाळाला लावली, आणि हात तिथंच ठेवला. डोळे लाल झालेले, नाक वाहत होतं. त्यानं झिसिसला जवळ ओढलं. झिसिस वाट बघत होता. आता तो नाव घेईल. सगळ्यांदेखत नको, माझ्या कानात घेऊ दे, तेवढं मला पुरे आहे.

“झिसिस,” मिल्तोस त्याच्या कानाशी म्हणाला. “माझी रूसा आटवली रं. माझं खेचर. त्याच झाडाखाली गेलं बघ मुकं जनावर. चौदा वरसं माझ्या हातनं खाल्लं त्येनं. कुनाला सांगता बी येत न्हाई, लोक हसत्याल. आज तू रडू दिलंस बघ मला.”

त्यानं झिसिसच्या पाठीवर थोपटलं. माणूस मनापासून बोलत होता. त्याच्या तोंडावर कसलाही खोटेपणा नव्हता, आणि झिसिसला तोंडं वाचता येत होती. खेचर त्या दिवशी झाडाच्या बुंध्याजवळच बांधलेलं होतं, हेही खरंच होतं.

आग्लाया आली आणि म्हणाली की माझी कालिओपी अगदी समोर येऊन उभी राहिली. ताकिस म्हणाला, मला माझं पहिलं वर्ष आठवलं, त्या कारखान्याच्या खोलीतलं. दुसरा कुणी म्हणाला, आमच्या विकलेल्या घराच्या जिन्याची कुरकुर ऐकू आली त्यात. एकेक जण येत होता आणि आपापलं सांगून जात होता. एवढं मोठं गाव ढसाढसा रडलं आणि तोलिस कुणाच्याही डोळ्यासमोर आला नाही. झिसिस सगळ्यांना मान डोलवत राहिला. मग मिल्तोसनं तोंड धुतलं, मटणाची पातेली उघडायला सांगितली, आणि जेवणं झाल्यावर पहिला नाच आपल्या घराण्याच्या नावानं मागितला. झिसिसनं तो वाजवला. त्यामागून जे जे मागितलं ते ते वाजवलं. डफ नव्हता तरी पोरं नाचली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर तो खाली पोचला. लाम्ब्रिनी दारातच उभी होती. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

“नाव घेतलं?” तिनं विचारलं.

“न्हाई.”

“मग?”

“मिल्तोस रडला.”

“मिल्तोस?” तिला खरं वाटेना. “सोताच्या बापाला न्हाई रडला त्यो.”

“रडला. समद्यांच्या देकत. लहान पोरावानी रडला. त्येच्यामागनं समदं गाव रडलं.”

लाम्ब्रिनीनं दाराची चौकट धरली. “आपल्या तोलिससाटी?”

झिसिसनं तिच्या तोंडाकडं बघितलं. जानेवारीपासून रडून रडून त्या तोंडाची नुसती हाडं राहिली होती.

“तर कुनासाटी?” तो म्हणाला.

त्या सकाळी लाम्ब्रिनी रडली नाही. तिनं तोंड धुतलं, केस विंचरले, नवऱ्याला भाकरी आणि मेंढीचं चीज वाढलं, आणि तो जेवत असताना समोर बसून सगळं दोनदा-तीनदा विचारून घेतलं. कसा रडला, किती वेळ रडला, शेजारी कोण होतं. झिसिस सांगत गेला. सांगायला खोटं काहीच लागलं नाही, खेचराचं तेवढं गाळलं की झालं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली की आपण उगाच त्या माणसाला बोल लावत होतो, त्यालाही आतून लागलेलं असणार, पुरुषमाणूस, दाखवत नसेल. मग ती उठून परसात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पाय बांधलेली कोंबडी होती. घरात तीनच कोंबड्या, आणि त्यातली ही एकच रोज अंडं घालायची.

“ही देऊन या त्येस्नी,” ती म्हणाली.

“उद्या जातो.”

“न्हाई, आजच जावा. माज्या लेकासाटी रडलाय त्यो.”

झिसिसचे ओठ सुजले होते. तरी त्यानं कोंबडी घेतली आणि चढ चढून तो पुन्हा वरच्या गावात गेला. चौकात टेबलं उचलून ठेवत होते. मिल्तोस अंगणात बसून डोकं दाबत होता, रात्रीची दारू उतरली नव्हती. त्यानं कोंबडी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली.

“ह्ये कशापायी रं?”

“लाम्ब्रिनीनं धाडलीया,” झिसिस म्हणाला. “अंड्यावरची हाय, कापू नगा म्हनलीया.”

मग टोपी घालून तो उतारानं खाली आला.